आईच्या फोटोवरचं बोट

बोलण्याच्या बाबतीत बापलेक एकाच माळेचे मणी. फोनवर ते विचारणार, "जेवलीस का?" ही म्हणणार, "हो. तुम्ही?" की संपलं! पुढे नुसता एकमेकांचा श्वास ऐकायचा. आई होती तोवर दोघांच्या वाटचं तीच बोलायची. ती गेली आणि दोघं आपापल्या शहरात मुकी झाली.

लेक वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रामर. तोंडानं जमत नाही ते हातानं करू, म्हणून तिनं बाबांच्या टॅबसाठी एक पान बनवलं. त्यात घड्याळ, हवामान, बातम्या आणि आईचा फोटो. बाबांनी कुठेही बोट लावलं की इकडे तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा दिवा लागायचा. तिनं त्या लागलेल्या दिव्यावर क्लिक केलं की तिकडे टॅब 'टिंग' करायचा. याला बोलणं म्हणत असाल, तर रोज सकाळी त्यांचं बोलणं व्हायचं.

"पण मी कुठे बोट लावलं हे तुला कसं कळतं गं, ठमे?" बाबांनी विचारलं होतं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. आतलं चक्र दिसल्याशिवाय चैन कसं पडणार?

"कुठे ते नाही कळत, बाबा. लावलं, एवढंच कळतं. फोटो एका चौकटीत, ती मोठ्या चौकटीत, ती अख्ख्या पानात. ब्राउझरची रीतच आहे, बोट लागल्याची वर्दी आधी फोटोला जाते, मग त्याच्या चौकटीला, मग बाहेरच्या, अशी वर वर चढते. मी आपली सगळ्यात बाहेर कान लावून बसलेय."

"म्हणजे मागच्या खोलीत भांडं पडलं तरी दारातल्याला ऐकू येणार. झकास!"

मग एकदा त्यांचा फोन आला. फोटो मोठा होतो न होतो तोच मिटतो, म्हणाले. कारण तिला लगेच कळलं. बोट लागलं की फोटो उघडायचा, आणि तीच वर्दी बाहेरच्या चौकटीपर्यंत चढली की ती चौकट इमानेइतबारे तो मिटवायची. फोटोबाहेर बोट लागलं की उघडा फोटो मिटवणं हे त्या चौकटीचं कामच होतं. ऑफिसात त्या दिवशी नुसती धांदल. तिनं फोटोच्या कोडमध्ये एक ओळ टाकली: वर्दी इथेच थांबव, वर जाऊ देऊ नकोस.

"झालं, बाबा."

"झालं की! बरं, तू कधी येतेस?"

"मला इथे मरायला फुरसत नाही, आणि तुमचं आपलं सारखं कधी येतेस, कधी येतेस!"

सारखं कसलं, वर्षात पहिल्यांदा विचारलं होतं बिचाऱ्यांनी. "बरं बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर दिवा लागला नाही.

रुसले, असं तिनं ठरवलं. शेजारच्या काकूंना फोन करून विचारलं, तर "छान आहेत की, रोज फिरायला जातात." म्हणजे माणूस ठणठणीत आणि तरी बोट लावत नव्हता. आपण चुकीचं बोललो हे तिला ठाऊक होतं, पण खाण तशी माती; ते फोनवर म्हणायला जीभ रेटेना. ताट घेऊन ती स्क्रीनसमोर बसायची, आणि घास निवून जायचा तरी नजर कोपऱ्यातून हलत नसे. आई गेली तेव्हाही ती इतकी एकटी नव्हती.

ऑफिसात शेजारी बसणारा एक सहकारी होता, सगळे त्याला पेंगुळ्या म्हणत. एका दुपारी तो कुरकुरला, "अगं, बटण दाबलं जातंय, पण बाहेरच्या चौकटीला पत्ताच नाही."

"आत कुणीतरी वर्दी अडवली असणार," ती मान वर न करता म्हणाली. "शोध ती ओळ. घाईत टाकतात आणि विसरतात, गाढव कुठले!"

आणि तिची बोटं जागच्या जागी थांबली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

तिनं बाबांचं पान उघडलं. ओळ होती तिथेच होती. ती काढून टाकली आणि बाहेरच्या चौकटीला बजावलं, फोटोकडून आलेली वर्दी असेल तर मिटवायचं नाही. मग तिथूनच फोन लावला.

"बाबा, तुम्ही टॅबला बोट लावता का हो?"

"म्हणजे काय! रोज. चहा घेऊन बसतो आणि तुझ्या आईच्या फोटोला लावतो."

"बाकी कशाला नाही?"

"बाकी काय करायचंय? हवामान खिडकीतून दिसतं. टिंग होत नाही हल्ली. म्हटलं, पोरगी रागावली. मग वाटलं, आपलंच बोट हलकं पडत असेल, घड्याळांत काम केलेला हात. म्हणून जोरानं दाबत गेलो, तर काचेला तडा गेला बघ. तुझ्या आईच्या कपाळावरून गेलाय. चिडू नकोस हं."

तिला रडू फुटलं, पेंगुळ्यासमोरच. अडवलेली वर्दी कुठे साठून राहत नाही. जिथे थांबवली तिथेच विरते. त्या सगळ्या सकाळी आता कुठून आणणार होती ती?

"बाबा, तुमचं बोट बरोबर लागत होतं. मीच वाटेत अडवलं होतं, चुकून."

"बरं बरं. दुरुस्त झालं ना?"

"झालं. पान बंद करा, परत उघडा, आणि लावा बघू."

दिवा लागला. तिनं क्लिक केलं. फोनमधून लांबवर 'टिंग' ऐकू आलं.

"आलं गं, ठमे! आणि या खेपेला अगदी हलकंच लावलं होतं."

"मी शनिवारी येते, बाबा. काच बदलून देते."

"काच राहू दे गं," बाबा म्हणाले. "तू ये."