शेवटचे दोन सेकंद

"आणखी जोरात लाव," दिनकरराव मोबाइल कानाशी दाबत म्हणाले. हेमेंद्रने आवाज पूर्ण वाढवला. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या आईचा रेकॉर्ड केलेला निरोप खोलीभर घुमला. "अहो, येताना दौलतगंजातून आठवणीनं..." पुढे काहीच नाही.

"बघ, नेमकं शेवटचंच ऐकू नाही येत. संध्याकाळी कानाच्या डॉक्टरचा टाइम घेतलाय. मशीन लावावीच लागेल."

बाबांचे कान ठणठणीत होते, हे हेमेंद्रला तीन महिने माहीत होतं.

हजीरा भागातल्या या घरात बसून तो एका कंपनीसाठी कर्नल, म्हणजे संगणकाच्या प्रणालीचा गाभा, लिहायचा. माहिती एकीकडून दुसरीकडे उतरवताना मेमरीच्या छोट्या छोट्या पानांतून जाते. ती पानं एकामागून एक पुढे करणारा इटरेटर त्यानं नव्यानं रचला होता. जुन्याच्या दुप्पट वेगाचा! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. तपासणीआधीच त्यानं तो घरच्या संगणकावर चढवला आणि बाबांच्या जुन्या फोनमधले आईचे सगळे निरोप त्यावरूनच नव्या फोनमध्ये नेले. फायलींचे आकार जुळले, तेवढं बघून जुन्या फोनमधलं सगळं पुसलं आणि तो दुकानात बदल्यात देऊन टाकला.

आठवड्यानं सहकारी तन्वीनं चूक पकडली. "सर, शेवटचं पान अर्धं भरलेलं असलं तर कॉपीच नाही होत. जागा राहते, पण कोरी. चलो, कोड बाहर नहीं गया, किसी का नुकसान नहीं हुआ."

तो हो म्हणाला होता. अर्धं पान म्हणजे बोलण्याचे जेमतेम दोन सेकंद. पण आई कामाचं नेहमी शेवटीच सांगायची.

"बाबा, डॉक्टरकडे नका जाऊ. कान ठीक आहेत तुमचे. गलती माझी आहे. कॉपी करताना शेवट मीच उडवला."

"या एकाचा?"

"सगळ्यांचा."

"आणि जुना फोन?"

"पुसून देऊन टाकला." बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी निरोप पुन्हा लावला. तो पुन्हा तिथंच थांबला.

"काय आणायला सांगत होती रे? तुला आठवतं?"

"नाही, बाबा."

"मलाही नाही." त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, चपला चढवल्या. "दौलतगंजात जाऊन येतो. दुकानं बघितली की आठवेल."

दोन तासांनी ते परतले. पिशवीची घडी मोडली नव्हती. ती त्यांनी तशीच खुंटीला लावली.