गोर्दाच्या झाकणावरची पुसट जागा

मित्रांनो, गालिचे धुणारे मी एक जुने यंत्र आहे. रंगाने निळे, पोटाने मोठे, आणि चार चाकांपैकी एक चाक कुरकुरणारे. सान्तियागो शहराच्या किन्ता नोर्माल वस्तीत एका लहानशा स्वयंपाकघराच्या दाराशी माझी जागा आहे. माझा मालक रोसाउरो आणि त्याची बायको नोल्फा मला ‘गोर्दा’ म्हणत, म्हणजे जाडी. मला त्याचे कधीच वाईट वाटले नाही. रोसाउरो ज्या लाडाने ते म्हणायचा, तो लाड आठवला की अजून जीव कासावीस होतो.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. माझ्यात दोन टाक्या बसवल्या, एक साबणपाण्याची आणि एक मळक्या पाण्याची. मळके पाणी ओढून घेणारी मोटर बसवली. ती फार मोठ्याने ओरडते, म्हणून लोकांना वाटते सगळे काम तीच करते. पण खरा जीव आहे तो तळाशी असलेल्या मुठीएवढ्या पंपात. तो साबणपाणी ढकलतो, तेव्हा कुठे गालिच्यावर फिरवायच्या दांडीच्या तोंडून फवारा उडतो. पंप थांबला की माझे सगळे मोठेपण तिथेच संपते.

या शहरात जुन्या घरांतून भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे ठोकलेले असतात. रोसाउरो मला चार-चार मजले उचलून न्यायचा. उजव्या हातात दांडी आणि डाव्या हाताचा तळवा माझ्या झाकणावर, अशी त्याची कामाची रीत होती. मोटरच्या गोंगाटात पंपाचा आवाज कानाला कळत नाही, तळव्याला कळतो. टाकीतले पाणी संपत आले की पंप थरथरतो. ती थरथर लागताच तो बटण बंद करायचा. कोरडा पंप त्याने एक मिनिटही चालू दिला नाही. वर्षानुवर्षे तळवा एकाच जागी टेकल्याने तिथला माझा निळा रंग उडाला.

काम संपले की तो अर्धी बादली स्वच्छ पाणी घ्यायचा, त्यात कपभर पांढरे व्हिनेगर घालायचा आणि ते माझ्यातून फिरवायचा. इथल्या पाण्यात चुना फार. किटलीच्या तळाशी धरतो तसा तो माझ्याही नळ्यांत धरतो. मग गाळणी काढून नळाखाली धुवायची आणि म्हणायचे, “पी, गोर्दा, पी.”

एकदा एका घरमालकिणीने नाकाला रुमाल लावला. “मास्तर, काम झालं ना? मग आता माझ्या घरात व्हिनेगरमधलं कांद्याचं लोणचं घालताय की काय?”

“बाई, तुमच्या गालिच्याचं झालं. आता माझी बाई जेवते आहे,” रोसाउरो म्हणाला.

अकरा वर्षे माझा पंप एकदाही रुसला नाही. ते दिवस पुन्हा यावेत असे मला आजही वाटते.

मग एका ऑगस्टमध्ये रोसाउरोला झटका आला आणि त्याचे उजवे अंग गेले. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहू लागला. नोल्फाने कंबर कसली आणि मला घेऊन कामाला निघाली. दारूचा डाग, कॉफीचा डाग, मांजराने केलेली घाण, तिच्या हाताखालून काही सुटत नसे. पण माझ्याकडे बघायला तिला सवड नव्हती. त्यातून सप्टेंबर आला. अठरा तारखेच्या राष्ट्रीय सणाआधी प्रत्येकाला गालिचा स्वच्छ हवा असतो. ती रोज चार घरे करायची, गप्पा मारताना पंप तसाच चालू ठेवायची आणि उरलेले साबणपाणी पोटात ठेवूनच मला दाराशी लावायची.

“म्हातारे, तिला व्हिनेगर दिलंस का?” रोसाउरो खुर्चीतून विचारायचा.

“तुला औषध द्यायला मला वेळ पुरत नाही, तुझ्या जाडीचे कसले लाड? तू गप पडून राहा.”

झाकणावरची पुसट जागा तिला डाग वाटली. तिने ती तीन प्रकारच्या द्रावणांनी घासली. “असला हट्टी डाग जन्मात पाहिला नाही!” ती म्हणाली. रोसाउरोने तोंड खिडकीकडे वळवले. मला बोलता आले असते तर त्या दिवशी मी बोलले असते.

सोळा तारखेला आम्ही एर्मेलिंदाबाई नावाच्या गिऱ्हाइकाकडे गेलो. त्यांच्या लग्नातला लोकरीचा गालिचा होता. “नोल्फा, बाजारचा साबण नको हं, लोकर आटेल,” त्या म्हणाल्या. नोल्फा दक्षिणेकडच्या खेड्यातली. तिची आई लोकर धुवायची ती कियाय नावाच्या झाडाच्या सालीने. तुमच्या रिठ्यासारखाच फेस येतो तिला. नोल्फाने साल उकळली आणि ते पाणी मोठ्या प्रेमाने माझ्या टाकीत ओतले. सालीचा विचार चांगलाच होता, पण ते पाणी बादलीत घेऊन हाताने धुण्यासाठी, यंत्रात ओतण्यासाठी नव्हे. गाळणी सालीच्या चोथ्याने तुंबू लागली. तीनदा तुंबल्यावर तिने वैतागून गाळणीच काढून ठेवली.

टाकीभर फेस झाला. माझ्या पंपाच्या घशात पाण्याऐवजी हवा जाऊ लागली. तो तापला, थरथरला, पण माझ्या झाकणावर तळवा नव्हता. चुन्याने आधीच अरुंद झालेल्या त्या वाटेत सालीची एक काडी येऊन अडकली आणि पंप थांबला.

अर्धा गालिचा फेसात होता. नोल्फाने गुडघ्यांवर बसून, बादल्या आणि टॉवेल घेऊन तो एकटीने हाताने धुतला. संध्याकाळी मला ओढत घरी आणले आणि कोट न काढताच म्हणाली, “संपली तुझी गोर्दा. उद्या भंगारवाल्याला देते.”

मग तिने व्हिनेगर घालून किटली चुलीवर चढवली आणि ती रटरटू लागताच घरभर वास पसरला. दर शनिवारी नोल्फा किटलीतला चुना असाच काढायची.

“किटलीला आठवड्याला पाजतेस,” तो सावकाश म्हणाला. “किटली काय तुझ्या माहेरची, आणि ही सवत?”

नोल्फाला हसू फुटले, आणि हसता हसता रडू. “म्हाताऱ्या, मला आता ओझं उचलवत नाही रे. माझे गुडघे बघ.”

“मग मला काम दे. एक हात आहे अजून. मी काय नुसतं खिडकीतून बघत मरू?”

तिने मला त्याच्या खुर्चीपाशी आणले. तो सांगेल तसे तिचे हात चालले. पंप उघडला, झडपेतली काडी सुईने काढली, सगळे भाग कोमट व्हिनेगरमध्ये बुडवले. मग दोघांनी चहा, पाव आणि कुस्करलेला पालता, म्हणजे अव्होकॅडो, असे खाऊन घेतले. सगळे परत जोडून बटण दाबले तेव्हा माझा पंप दोनदा अडखळला. रोसाउरोने डावा तळवा उचलून माझ्या झाकणावर ठेवला. तो नेमका त्या पुसट जागेवर बसला. पंप चालू झाला.

नोल्फाने त्याच्या तळव्याकडे बोट केले. “हा डाग...”

“डाग नाही तो, वेडे. माझा हात आहे.”

पुढची दोन वर्षे रोज संध्याकाळी मला त्याच्यापाशी नेले जाई. तो गाळणी धुवायचा, व्हिनेगर ओतायचा, “पी, गोर्दा, पी” म्हणायचा. माझ्या आयुष्यातले तेच दिवस मला सर्वांत प्रिय आहेत. गेल्या जूनमध्ये ती खुर्ची रिकामी झाली.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे यंत्र मुकाट्याने राबत असेल. काम संपले की त्याला स्वच्छ पाणी पाजा. त्याची गाळणी त्रास देते म्हणून काढून टाकू नका, धुवा. त्याला कोरडे पळवू नका. आणि अधूनमधून त्याच्यावर हात ठेवून बघा. थांबण्यापूर्वी ते थरथरून सांगत असते.

नोल्फा आता एकही दिवस चुकवत नाही. व्हिनेगर देते, गाळणी धुते, आणि शेवटी झाकणावरच्या पुसट जागेवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहते. तिचा हात लहान आहे. तो ठेवला तरी भोवती बोटभर जागा रिकामीच राहते, आणि तेवढी जागा अजून त्याची वाट बघते.