शर्यतीकडे पाहणारी

हेस्टरने टोपीची पिन तिसऱ्यांदा काढून खोचली, तेव्हा तिच्या धाकट्या बहिणीला राहवेना.

"अगं, तिथे काय नवरदेव वाट बघतोय? चित्र आहे ते. पळून जात नाही कुठे."

"पंचेचाळीस वर्षं पळतच होतं की माझ्यापासून," हेस्टर म्हणाली.

खोटं नव्हतं ते. चित्र रंगलं लंडनला आणि रंग वाळतो न वाळतो तोच यॉर्कशायरच्या एका गिरणीमालकाने ते नेऊन आपल्या जेवणघरात टांगलं. तिथे हेस्टरसारखीला कोण आत घेतंय? आता तो म्हातारा गेला. पोरांच्या नव्या घरांत तेवढी मोठी भिंत नव्हती, म्हणून चित्र गावाला मिळालं. आणि गाव नेमकं धाकट्या बहिणीचं, प्रूचं, जिथे नवरा गेल्यापासून हेस्टर राहत होती.

ट्राममध्ये प्रू पुन्हा सुरू झाली. "येईल त्या पाहुण्याला सांगतेस, मी ॲस्कॉटच्या शर्यतीच्या चित्रात आहे म्हणून. जन्मात शर्यतीचा घोडा तरी पाहिलायस का?"

"दूधवाल्याचा पाहिलाय."

"तो शर्यतीत उतरला तर दूध नासेल."

हेस्टर हसली, पण हातमोज्यातली बोटं घट्ट मिटलेली होती. एकोणिसाव्या वर्षी ती लॅथबरी नावाच्या चित्रकाराकडे उभी राहायला जायची. मोठ्या घरच्या बायका चित्रात आपलं तोंड रंगवून घ्यायला अर्धा तास यायच्या आणि जायच्या. पण रेशमाच्या चुण्या, मान, खांदे, छत्री धरलेले हात यांना आठवडे लागायचे, त्यासाठी भाड्याची पोर. बायका आपले झगे पाठवून द्यायच्या, ते हेस्टर घालायची. हिरवा रेशमी झगा लेडी रॉक्सलींचा.

"तोंड काही तुझं राहायचं नाही हं पोरी," लॅथबरी पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "बाईसाहेब येईपर्यंत जागा अडवून ठेवायची, बस."

तरी त्याने एकदा त्या हिरव्या झग्यावर तिचाच चेहरा रंगवला. दोन दिवस, शीळ घालत. तिला बघू दिला नाही. मग लेडी रॉक्सली आल्या, आतून चढ्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं, आणि दुसऱ्या दिवशी मोलकरणीने दारातच हेस्टरच्या हातावर मजुरी ठेवली. आता यायचं नाही म्हणाली. त्या वयातला हेस्टरचा दुसरा एकही चेहरा कुठे नव्हता. फोटो काढायची ऐपत आली तोवर दोन बाळंतपणं झाली होती.

"आणि तू बघत कुठे होतीस गं तेव्हा?" प्रूने विचारलं. हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं.

"शेगडीकडे. लॅथबरी म्हणायचा, ते बघ घोडे आले! आणि बोट दाखवायचा कोपऱ्यात. तिथे शेगडीवर त्याचं जेवण. पावावर चीज वितळत असायचं. मी घरून उपाशी निघालेली."

चित्रशाळेत कोळशाचा आणि ओल्या कोटांचा वास होता. दारापासचा पहारेकरी खुर्चीवर पेंगत होता. चित्राने अख्खी भिंत व्यापली होती: गाड्या, छत्र्या, उंच टोप्या, शॅम्पेनचे पेले, आणि बायकाच बायका. हेस्टरने चष्मा चढवला आणि थेट हिरवा झगा गाठला.

गाडीत ताठ बसलेली बाई. मांडीवर हात, डाव्या हाताची करंगळी वाकडी. कपडे पिळायच्या चरकात लहानपणी सापडलेली, हेस्टरचीच. वर मात्र लांब नाकाचा, थंड डोळ्यांचा चेहरा. लेडी रॉक्सली.

"पुसला," हेस्टर म्हणाली. "पुसलाच त्याने."

ती बाकावर बसली. प्रू आता टोमणा मारणार असं तिला वाटलं. पण प्रू आपली चित्राच्या कडेकडेने एकेक तोंड न्याहाळत चालली होती, बाजारात वाटाणे निवडावेत तशी. पार उजव्या टोकाला जाऊन ती थांबली.

"हेस्टर, इकडे ये."

"कशाला?"

"ये म्हणते ना!"

एका गाडीच्या चाकावर चढून एक मुलगी उभी होती. साधा करडा झगा, टोपी मागे घसरलेली, मान पुढे काढलेली, ओठ जरासे उघडे. बाकी सगळ्या एकमेकींचे झगे बघत होत्या. चित्राबाहेर कुठेतरी घोडे धावत असतील, तिकडे ही एकटीच बघत होती.

"ही कोण?" हेस्टरने विचारलं.

"कोण म्हणजे? रविवारी आई भट्टीतून मांस काढायची, तेव्हा अशीच उभी राहायचीस तू. आम्हाला वाटायचं, आमच्याही वाटणीचं खाणार ही." प्रू म्हणाली. "हा चेहरा मी आंधळी झाले तरी ओळखीन."

हेस्टर पुढे झाली. नाक चित्राला लागायच्या बेताला आलं. लेडी रॉक्सली कशावरून भडकल्या असतील, ते तिला आत्ता उमगलं. त्यांच्यासारख्यांनी असं उघड्या तोंडाने कशाकडे बघायचं नसतं. आणि लॅथबरीला तो चेहरा टाकवला नसेल, म्हणून कोपऱ्यात नेऊन ठेवला.

पहारेकरी जागा होऊन मागे आला होता. "सगळे तिथेच थांबतात बघा, बाई. तिने सारं काही एकाच घोड्यावर लावलंय, असं वाटतं. जिंकला असेल का हो तो?"

"कुठला जिंकतोय!" हेस्टर म्हणाली. "चीज त्या लॅथबरीने एकट्याने खाल्लं. माझ्या वाटेला पावाची कड."



"चल," प्रू नाक पुसत म्हणाली, "समोरच्या दुकानात मिळतो चीज लावून भाजलेला पाव. मी खायला घालते."

"थांब गं जरा," हेस्टर म्हणाली. ती त्या मुलीच्या टोपीखालच्या केसांचा रंग बघत होती. एके काळी आपलाही तो असा तांबूस होता, हे ती पार विसरून गेली होती.