ओडिलच्या छतावरचा बर्फ

बर्नेट माझ्याशी बोलत नव्हती, आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटत नाही, असं मी सगळ्या वस्तीला सांगत सुटले होते. साफ खोटं होतं ते. घर नवं, उबदार, हातपाय पसरून झोपावं असं. आणि कॉफी मात्र एकटीनं प्यायची! असली कॉफी घशाखाली उतरत नाही हो.

आमच्या दोघींचे ट्रेलर, म्हणजे चाकांवरची पत्र्याची घरं, एकाच उन्हाळ्यात या वस्तीत आले. समोरासमोर लावले. तिचा लिओ आणि माझा एमरी नदीकाठच्या कागद गिरणीत एकाच पाळीला होते. अमेरिकेतल्या मेन राज्याचं हे अगदी वरचं टोक. नदीपलीकडे कॅनडा, अलीकडे बटाट्याची शेतं, आणि मध्ये आम्ही पत्र्याच्या डब्यांत. गावातले लोक वस्तीचं नाव घेताना नाक मुरडायचे. माझा मुलगा रेनो लहानपणी शाळेच्या बसमधून एक थांबा आधी उतरायचा, कुठे राहतो ते पोरांना कळू नये म्हणून. मला समजलं तेव्हा त्याला एक ठेवून देणार होते, पण मग स्वतःच रडत बसले.

पण डबे आमचे होते, आणि आम्ही त्यांत संसार केला. हिवाळा आला की खिडक्यांना प्लास्टिक ठोकायचं, खालून वारा शिरू नये म्हणून कडेनं गवताचे भारे रचायचे. नळ रात्रभर ठिबकत ठेवायचा, नाहीतर पाइप गोठला म्हणून समजा. गोठलाच तर ओट्याखाली आडवं पडून हेअर ड्रायरनं शेकत बसायचं. तेलाची भट्टी रात्रभर घरघरायची, आणि ऊब द्यायची कोणाला? आभाळाला! पत्र्यातून सगळी वर निघून जायची.

यावर्षी माझ्या डब्याची फरशी खचली, आणि रेनोनं हट्टच धरला. बटाटे काढणीच्या सुट्टीत जुना डबा ओढून नेला, आणि त्याच जागी हे घर आणून बसवलं. कारखान्यात बांधलेलं, ट्रकमागून आलेलं. भिंती वीतभर जाड, खिडक्यांना तीन-तीन काचा. भट्टी नाही, धुराडं नाही. भिंतीवर एक पेटीएवढं यंत्र आहे, ते आपलं हळूच गरम फुंकर घालतं. पहिल्या रात्री मला झोपच लागेना, इतकी शांतता. नळ ठिबकत ठेवायला म्हणून दोनदा उठले आणि दोनदा स्वतःलाच हसून परत झोपले.

घर बघायला सगळी वस्ती आली. बर्नेटही आली, सफरचंदाचा केक घेऊन. तिनं भिंत ठोकून बघितली, खिडकी उघडून लावून बघितली, खाली वाकून चाकं शोधली.

‘‘फ्रिज आहे गं हा,’’ ती सगळ्यांदेखत म्हणाली. ‘‘मेलेल्या माणसाला ठेवतात असल्यात.’’

‘‘आणि तुझ्या डब्यात काय, जिवंतपणीच गोठवतात!’’ मी म्हटलं.

सगळे हसले. बर्नेट हसली नाही. अर्धा कापलेला केक उचलला आणि चालती झाली. मी काय चूक बोलले? आजही तेच बोलेन. पण दुसऱ्या दिवशी ती कॉफीला आली नाही, तिसऱ्या दिवशी नाही, आणि मग रस्त्यात समोर आली तर टपालपेटीत काहीतरी हरवल्यासारखी डोकं घालून उभी राहायची. चाळीस-बेचाळीस वर्षांपासूनची मैत्रीण! दोघींचे नवरे गेले, दोघींची मुलं लांब गेली, आणि हिला आता माझ्याशी अबोला धरायचं सुचतंय. मीही काही कमी नाही. मीही मान वळवली. आणि घरात येऊन, यंत्राच्या त्या गोड उबेत, चांगली ढसाढसा रडले.

आता आमच्या वस्तीची एक रीत सांगते. बर्फ पडून गेला की सकाळी डोळे उघडल्याबरोबर आम्ही पडदा सारतो आणि शेजाऱ्यांची छतं बघतो. जुन्या डब्यातली ऊब वर जाते, त्यामुळे उजाडेपर्यंत छतावरचा बर्फ वितळायला लागलेला असतो, इथे-तिथे पत्रा दिसतो. पत्रा दिसला म्हणजे भट्टी चालू आहे आणि माणूस खुशाल. छत पांढरंच्या पांढरं असेल तर काहीतरी बिघडलंय, पळा. कोणी कोणाचं दार ठोठावत नाही, उगाच फोन करत नाही, पण नजर सगळ्यांची सगळ्यांवर असते. काही वर्षांपूर्वी म्हातारा रोझेर गेला तो असाच कळला. बर्नेटच्या शेजारीच राहायचा. तिनंच त्याचं पांढरं छत बघितलं, तीच धावली. तेल संपलेलं होतं, म्हातारा खुर्चीत बसलेला. डॉक्टर म्हणाले, नुकताच गेलाय.

यावर्षीचा पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा मी चांगली उशिरा उठले. का नाही उठणार? पाइप बघायचा नाही, भट्टीला लाथ घालायची नाही. टबात गरम पाणी सोडलं, दार लावून घेतलं, रेडिओ लावला आणि गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन गात बसले. पडदे अजून सारले नव्हते. फोन बाहेरच्या खोलीत होता.

बाहेर काय झालं ते मला क्लोविसनं नंतर तिखटमीठ लावून सांगितलं. क्लोविस म्हणजे आमच्या वस्तीचा नळवाला, वीजवाला, कुलूपवाला, सगळं तोच. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी ‘‘हे जमायचं नाही’’ म्हणतो आणि मग करतो. तर बर्नेटनं पडदा सारला. सगळी छतं पत्रा दाखवतायत, आणि माझ्या छतावर हातभर बर्फ, एक थेंब वितळलेला नाही! पडदे बंद. पायरीवर पाऊल उमटलेलं नाही. गाडी बर्फात गाडलेली.

ती झोपायच्या झग्यावर लिओचा जुना कोट चढवून, अनवाणी पायांत बूट कोंबून तशीच धावली. दार बडवलं, खिडक्या बडवल्या, ‘‘ओडिल! ए ओडिल!’’ म्हणून गळा काढला. तीन काचांतून काय ऐकू येतंय! मी आत दुसरं कडवं गात होते. ओरडा ऐकून क्लोविस पहार घेऊन आला. त्यानं फोन लावून बघितला, तोही वाजून वाजून थांबला.

‘‘दार फोड,’’ बर्नेट म्हणाली.

‘‘हे जमायचं नाही,’’ क्लोविस म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याचं खरं ठरलं. पहार लावली, दार ढिम्म हललं नाही. मग त्यानं दारातल्या काचेवर घातली. एक काच गेली, दुसरी तडकली, तिसरी तशीच. तेव्हा बर्नेटनं त्याच्या हातातून पहार हिसकावली.

तो आवाज मात्र मला आला. चोर शिरले असं वाटून मी टॉवेल गुंडाळून, हातात अंग घासायचा ब्रश घेऊन बाहेर आले. बघते तर माझ्या नव्या कोऱ्या दाराला हे एवढं भोक, आणि भोकातून बर्नेटचा हात कडी शोधतोय!

‘‘काय चाललंय काय?’’ मी किंचाळले.

हात थबकला. मग दार उघडलं. बर्नेट पहार घेऊन उभी, केस पिंजारलेले, नाक लाल. माझ्याकडे बघितलं, ब्रशकडे बघितलं.

‘‘तू जिवंत आहेस?’’

‘‘मग काय मेल्यावर आंघोळ करतेय? माझ्या दाराचं काय केलंस हे, बये!’’

‘‘छत!’’ ती ओरडली. ‘‘छतावर बर्फ आहे तुझ्या!’’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मला हसू आवरेना. ‘‘अगं, तो वितळायचा नाहीच! ऊब बाहेर जातच नाही इथली. घर बसवायला आलेला माणूस सांगून गेलाय, छतावर बर्फ राहिला तर समजा घर चांगलं आहे.’’

मला वाटलं, तीही हसेल. पण तिनं पहार टाकली आणि तिथेच दारात खाली बसली. आणि रडायलाच लागली. लिओ गेला तेव्हाही इतकी रडली नव्हती. क्लोविस बिचारा टोपी हातात घेऊन बाहेरच्या बर्फाकडे बघत राहिला.

‘‘रोझेरच्या वेळी,’’ ती म्हणाली, ‘‘मी छत बघितलं होतं. बघितलं, आणि म्हटलं कॉफी निवेल. कप संपवला आणि मग गेले. कोणाला सांगितलं नाही मी. आज उठले, तुझं छत बघितलं... बर्फ पडला की बाकीच्यांना रस्त्याची काळजी. मला तो कप आठवतो.’’

इतकी वर्षं हिनं हे पोटात ठेवलं, आणि मी हिच्याशी फ्रिजवरून आणि केकवरून भांडत बसले होते! मी टॉवेलमध्येच तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि तिला धरलं. तिचे हात बर्फासारखे, माझे साबणाचे.

‘‘डॉक्टर म्हणाले नुकताच, म्हणून तू असं धरून बसलीस?’’ मी म्हटलं. ‘‘अगं, त्या म्हाताऱ्याला आम्ही सगळ्यांनी तेल भरून घे म्हणून सांगितलं होतं. एकटीच्या डोक्यावर कशाला घेतेस?’’

‘‘कपडे घाल आधी,’’ ती नाक पुसत म्हणाली. ‘‘क्लोविस आंधळा होईल.’’

मग क्लोविसनं भोकावर पुठ्ठा लावला, आणि मी तव्यावर बकव्हीटच्या पिठाचे प्लोय, म्हणजे आमच्याकडची धिरडी, टाकले. बर्नेटनं कोट काढला. थोड्या वेळानं झग्याच्या बाह्या वर केल्या. दारात एवढं भोक, तरी खोली मस्त गरम होती, आणि तिला ते कबूल करायचं नव्हतं.

‘‘प्लोय जाड झालेत,’’ ती म्हणाली आणि चौथा उचलला.

‘‘फ्रिजमध्ये असेच होतात,’’ मी म्हटलं.

तेव्हा हसली एकदाची! जीव भांड्यात पडला माझा.

खाऊन झाल्यावर ती खिडकीशी गेली आणि समोरच्या आपल्या डब्याकडे बघत राहिली. लिओनं बांधलेला व्हरांडा होता पुढे, शेवटच्या वर्षी तो तिथेच बसून असायचा. ‘‘तुझा डबा नेला तेव्हा मोडत मोडत गेला,’’ ती म्हणाली. ‘‘मी बघितलं. माझा व्हरांडा तसा जाताना मला बघवायचा नाही.’’ म्हणजे राग माझ्या बोलण्याचा नव्हता तर! क्लोविस पुठ्ठ्यामागून म्हणाला, ‘‘व्हरांडा सुटा आहे, बर्नेट. काढून नव्या घराला परत लावता येतो.’’ आणि या वेळी ‘जमायचं नाही’ असं काही म्हणाला नाही. तिनं ‘‘बघू’’ एवढंच म्हटलं. गेल्या आठवड्यात गिरणीच्या साहेबाची बायको, ती गावातल्या विटांच्या घरातली, माझं घर बघायला आली आणि असंच आपल्या मुलाला घेऊन देणार म्हणाली. तेव्हापासून बर्नेटचं ‘बघू’ जरा मऊ झालंय.

पण खरा प्रश्न उरलाच होता. माझ्या छतावरून आता काहीच कळत नाही. क्लोविस म्हणाला, सकाळी खिडकीत फडकं लाव. बर्नेट म्हणाली, फडकं काय, रात्रीही राहतं लटकलेलं. मी म्हटलं, फोन करत जाईन. ती म्हणाली, मला डोळ्यांनी बघायचंय. तेव्हापासून बर्फ पडला की ती येते. न पडलेल्या दिवशीही येते, पडला असता तर म्हणून.

रेनोला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘आई, एवढ्या थंडीत त्यांना रस्ता ओलांडायला कशाला लावतेस? एक छोटं यंत्र मिळतं, तू उठलीस की त्यांच्या फोनवर आपोआप कळेल. पुढच्या रविवारी येऊन बसवतो.’’

‘‘खबरदार,’’ मी म्हटलं. ‘‘ते यंत्र घेऊन आलास तर दारातूनच परत पाठवीन.’’

‘‘अगं पण का?’’

काय सांगणार त्याला! तेवढ्यात बाहेर बर्फात करकर पावलं वाजली. आज पुन्हा रात्रभर पडलाय, माझ्या छतावर कमरेइतका असेल. मी फोन ठेवला, दुसरा कप काढला. दार उघडलं आणि बर्नेट उंबऱ्यातूनच ओरडली, ‘‘आहेस का गं, का गेलीस?’’

‘‘आहे,’’ मी म्हटलं. ‘‘आत ये आणि दार लाव.’’