गोंडीचा जळफळाट

मी एक जुनी मांजर आहे. जुना हा शब्द वस्तूंसाठी असतो हे मला ठाऊक आहे. पण माझे सारे आयुष्य पुस्तकबांधणीच्या दुकानात गेले, आणि तिथे जुन्या गोष्टींना मान असतो. म्हणून मी स्वतःला म्हातारी न म्हणता जुनी म्हणते. जी हकीकत सांगणार आहे ती एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालची. त्या वर्षी आमच्या गल्लीवर पहिल्यांदा डांबर पडले, समोरच्या चांभाराने दुकानाची फळी हिरवी रंगवली, आणि आमच्या घरात कुंचली आली. मी तेव्हा आठ वर्षांची होते.

मित्रांनो, आधी माझ्या शेपटीबद्दल सांगते, कारण सगळे आधी तिच्याचबद्दल विचारतात. ती तुटलेली नाही. दारात चेंगरलेली नाही, कुत्र्याने तोडलेली नाही. माझ्या आईची आणि आजीची अशीच होती: बोटभर लांब, आत वळलेली, वर केसांचा गुबगुबीत गोंडा. म्हणून माझे नाव गोंडी. आमच्या जातीची ही शेपटी सरळ करता येत नाही. आतली हाडे एकमेकांत घट्ट बसलेली असतात. कोणी ती ओढून पाहिली तर कळ थेट पाठीच्या कण्यात जाते. गिऱ्हाइकांच्या पोरांनी हा प्रयोग इतक्या वेळा केला आहे की शाळा सुटल्याची घंटा ऐकली की मी आजही कपाटावर चढते.

आम्हाला उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली असावा. आमचे मागचे पाय लांब असतात, त्यामुळे पळताना आम्ही सशासारख्या दिसतो. म्याव आम्ही क्वचितच म्हणतो. घशातल्या घशात चिवचिवतो, आणि कोणी उत्तर दिले तर तासभर गप्पा मारतो. वस्तू तोंडात धरून आणून देतो. गळक्या नळाखाली पंजा धरून बसतो. आणि एकाच माणसावर सगळा जीव लावतो. ही शेवटची खोड फार वाईट.

माझे माणूस म्हणजे बाई. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे दुकान. खिडकीपासून भिंतीपर्यंत एक लांब टेबल, त्याच्या टोकाला लोखंडी दाबयंत्र, मध्ये खळीचे पातेले आणि पुठ्ठ्यांची चळत. बाईंनी मला पारखून आणले होते. माझ्या आधी त्यांच्याकडे लांब शेपटीचा बोका होता. टेबलावर सुटी पाने क्रमाने मांडलेली असत; बोक्याची शेपटी एकदा फिरली की सकाळपासूनचे काम जमिनीवर. आखूड शेपटीची पिल्ले आहेत असे कळल्यावर बाई गाव ओलांडून गेल्या आणि मला घेऊन आल्या. गठ्ठ्यांमधून मी पाऊल वाजू न देता चालून दाखवले, तेव्हा म्हणाल्या, "हिला मागे काही नाहीच. सुटले मी."

लवकरच मला नोकरीही मिळाली. खळ ओली असताना पुस्तकावर वजन लागते. दाबयंत्रात एका वेळी चारच पुस्तके मावत. पाचव्यावर बाई फळी ठेवत आणि हाक मारत, "वजन कुठंय?" मी जाऊन फळीवर बसे.

"माझ्या पुस्तकावर मांजर बसलं होतं की काय?" एकदा एका वकिलांनी विचारले.

"बसलं होतं म्हणून तर पाठ सरळ आलीय," बाई म्हणाल्या.

दर बुधवारी आणि रविवारी बाई मला बारीक फणीने विंचरत. माझे पाणी खाण्यापासून लांब, खिडकीखाली ठेवत. आम्हाला दोन्ही शेजारी शेजारी असलेले आवडत नाही. आठ वर्षे मी त्या घरात एकटी राणी होते.

मग धाकटी आली. धाकटी म्हणजे बाईंची लहान बहीण. तिचे यजमान वारले होते, मूलबाळ नव्हते. आपले घर बंद करून ती दोन ट्रंका आणि एक झाकणाची टोपली घेऊन आली. टोपलीतून आधी शेपटी बाहेर आली. ती येतच राहिली. शेवटी तिच्यामागून वर्षभराची एक मांजरी आली. शेपटी आमच्या खळीच्या सगळ्यात मोठ्या कुंचल्यासारखी होती, म्हणून बाईंनीच तिचे नाव कुंचली ठेवले. माझे नाव ठेवायला त्यांना चार दिवस लागले होते. हिचे चार मिनिटांत.

दोघी बहिणींनी एक मोठी चूक केली. नव्या जनावराला आधी काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचे असते. त्याच्या अंगाखालचे फडके जुन्याला हुंगू द्यायचे असते. इथे त्याच संध्याकाळी आम्हा दोघींपुढे एकच ताटली आली.

"दोघी बायकाच आहेत. जमेल त्यांचं," धाकटी म्हणाली.

"आपलं जमलं होतं का?" बाईंनी विचारले.

"नव्हतं."

दोघी हसल्या. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागले. चांभार चहा प्यायला आला तो कुंचलीकडे बघत म्हणाला, "याला म्हणायचं मांजर." आठ वर्षे तो माझ्याच शेजारी बसून चहा पीत होता. वकिलांच्या मुलीने कुंचलीचे चित्र काढले; शेपटी मावेना म्हणून दुसरा कागद जोडला. मी तोंडात दोऱ्याचे रीळ धरून बाईंना नेऊन दिले, तर त्या म्हणाल्या, "ठेव तिथं." कुंचली काहीच आणून देत नसे. नुसती शेपटी पायाभोवती गुंडाळून बसे, आणि सगळे विरघळत. माझ्या अंगाचा तिळपापड होई. मला गुंडाळायला होते काय?

एका गोष्टीचा मात्र आधार होता. पहिल्याच आठवड्यात बाईंनी धाकटीला बजावले होते, "पानांना एकदा जरी हिची शेपटी लागली, तर ही मांजर या घरात राहणार नाही. पुन्हा सांगायची नाही." तेव्हापासून मी त्या शेपटीची वाट पाहत होते. पण कुंचली शहाणी निघाली. ती टेबलावर चढेचना.

पावसाळा सरता सरता निवृत्त पोस्टमनकाका एक कापडी पिशवी घेऊन आले. त्यांची पत्नी वर्षभर अंथरुणाला खिळून होती. तेवढ्या काळात तिने दूरच्या गावी असलेल्या मुलीसाठी आपल्या आयुष्याची सगळी हकीकत लिहिली होती. एकशे बारा सुटे कागद.

"आकडे नाहीत पानांवर," बाई बघून म्हणाल्या.

"म्हणाली होती, पुरं झालं की घालीन."

"मग?"

"पुरं झालं नाही," काका म्हणाले. "पण क्रम बरोबर आहे. तिच्या हातातून एकेक घेऊन मीच खाली ठेवलंय. मुलगी या महिनाअखेर येतेय, तोवर द्या."

बाईंची एक रीत होती. शिवण्याआधी त्या प्रत्येक पानाचा शेवटचा शब्द आणि पुढच्या पानाचा पहिला शब्द मोठ्याने म्हणत. "भावानं," आणि पान उलटून, "ऐकलं नाही." "नदीला," आणि मग, "पाणी चढलं." शब्द जुळले की पान बरोबर. एकदा हे झाले की त्या गठ्ठ्याला कोणी हात लावायचा नाही. शिवतानाही त्या पुन्हा तपासत नसत. त्या दुपारी त्यांनी एकशे बारा पाने अशी जुळवली, चळत टेबलाच्या कडेला ठेवली, आणि पाहिले तर दोऱ्याला लावायचे मेण संपलेले. चांभाराकडे निघता निघता त्यांनी बाजूच्या स्टुलावरच्या, खळ लावलेल्या एका वहीवर फळी ठेवली आणि हाक मारली, "वजन कुठंय?"

मी कपाटावरून उतरत होते, तेवढ्यात धाकटीने कुंचलीला उचलून फळीवर ठेवले. ती बसली. शेपटी फळीवरून खाली सोडून, ऐटीत.

"बघ ताई, शिकली की नाही?"

बाई दारात थांबल्या आणि कौतुकाने हसल्या. "बसू दे. गोंडीला तरी किती राबवायचं? वय झालं आता तिचं."

बाई गेल्या. धाकटी उतू जाणारे दूध बघायला आत गेली. मित्रांनो, मी टेबलावर चढले. त्या चळतीपाशी गेले आणि तिला पंजाने ढकलले. एकदा ढकलून अर्धीच पडली, म्हणून दुसऱ्यांदा ढकलले. मग कपाटावर जाऊन तोंड धूत बसले.

आवाजाने घाबरून कुंचलीने उडी मारली ती नेमकी कागदांमध्ये. धाकटीने येऊन पाहिले ते एवढेच: जमिनीवर पाने आणि पानांत फुगलेली शेपटी. तिने भराभर कागद गोळा केले, कडा ठोकून सारख्या केल्या आणि चळत जागेवर ठेवली. बाई मेण घेऊन परतल्या तेव्हा ती खिडकी पुसत होती. बाईंनी पाने शिवली, पुठ्ठा चढवला, आणि चार दिवसांनी काका पुस्तक छातीशी धरून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा दारात उभे होते. रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरे वाटले असते.

"बाई," ते म्हणाले, "यात ती आधी आजी होते आणि मग शाळेत जाते. परवा मुलगी येतेय."

बाईंनी पुस्तक उघडले, दोन पाने उलटली आणि खाली बसल्या. "मी शब्द जुळवले होते," त्या म्हणाल्या. "मी स्वतः जुळवले होते." बांधणीच्या तीस वर्षांत त्यांच्या हातून असे कधी झाले नव्हते. आता आपली नजर गेली, असे त्यांना वाटले असावे. त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

ते धाकटीला बघवेना. "ताई, तू जुळवलेली बरोबर होती. पानं पडली. मी उचलून ठेवली."

"कशी पडली?"

धाकटीने कुंचलीकडे पाहिले.

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर हिला हाकललं असतंस."

"हाकलणारच आहे. चांभाराची बहीण नेईल तिला."

"मग माझ्या ट्रंका पण काढ," धाकटी म्हणाली. "ज्या घरात हिला जागा नाही तिथं मी कशाला?"

माळ्यावरची टोपली खाली आली. कुंचली तिच्यात बसली, काही न कळून. धाकटी आत आपले कपडे भरू लागली. बाईंनी पुस्तकाची शिवण कापली आणि पाने टेबलावर पसरून काकांबरोबर पुन्हा क्रम लावायला घेतला. आणि मी कपाटावर बसून, खरे तेच सांगते, घुरघुरत होते. सुखाने.

तेवढ्यात बाई वाकल्या. टोपलीत हात घालून त्यांनी दोन बोटांनी कुंचलीची हनुवटी खाजवली. माझी खाजवत तशीच, त्याच जागी. "तुझा काय दोष गं बये," त्या हळूच म्हणाल्या. तो आवाज माझा होता. दुसऱ्या कोणासाठी मी तो कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर मला काही सुचले नाही. कपाटावरून थेट टेबलावर उडी घेतली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, दोन्ही पंजांनी, लावलेली पाने खाली ढकलली.

मग काका म्हणाले, "पण बाई, हिला तर शेपटी नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले. आतल्या दारात धाकटी अर्धी घडी घातलेली चादर घेऊन उभी होती. ती तिथेच ट्रंकेवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"ताई, ही अगदी तुझ्यावर गेलीय. माझी वेणी कोणी कापली होती?"

"काकांसमोर कशाला ते?"

"कापून नाव कोणाचं घेतलंस? मावशीचं. कात्री तिची म्हणून. मी दहा वर्षं त्या बिचारीशी धड बोलले नाही."

बाईंनी एक पान उचलून टेबलावर ठेवले. मग म्हणाल्या, "मीच कापली. रोज घरातल्या सगळ्या तुझीच वेणी घालायच्या. तू ये, तुझे पण विंचरते, असं मला कधी कोणी म्हणालं नाही."

धाकटीचे हसू थांबले. "मग तसं सांगायचंस ना."

"पानं पडल्याचं तू सांगितलंस?"

धाकटीने चादर ट्रंकेत न ठेवता खुर्चीवर ठेवली आणि पाने उचलायला बसली. तिघांनी मिळून दुपारभर शब्द जुळवले. धाकटी शेवटचा शब्द म्हणे, बाई पहिला. शेवटी दोन पाने उरली. दोन्हींवर वाक्य नव्याने सुरू होत होते आणि तिथेच संपत होते, त्यामुळे आधीचे कुठले ते बाईंना ठरवता येईना. काकांनी दोन्ही उजेडात धरली. "हे नंतरचं," ते म्हणाले. "इथं तिला पेन नीट धरवत नव्हतं."

आता माझी पाळी, असे मी समजून होते. बाईंनी मला उचलले. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. मांडीवर घेतले आणि फणीने विंचरू लागल्या. बुधवार नव्हता. रविवारही नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ताटल्या वेगळ्या झाल्या. खाणे आधी मला, मग कुंचलीला. फणी आधी मला, मग तिला. वजनाची हाक मात्र फक्त मला. मित्रांनो, तुमच्या घरी दुसरे जनावर आले, किंवा दुसरे मूल आले, तर नव्याचे लाड खुशाल करा. फक्त आधी जुन्याच्या डोक्यावरून हात फिरवा. एवढे केले की पुष्कळ पाने वाचतात. आणि मांजराने काही पाडले तर केवळ शेपटी बघून निकाल देऊ नका.

आता कोणाचे काय झाले ते सांगते. काकांच्या मुलीने ते पुस्तक दोनदा वाचले आणि पेन्सिलीने पानांवर आकडे घातले. पुढे ती काकांना आपल्याकडे घेऊन गेली. ते तिथेच वारले. चांभाराने दुकान पुतण्याला दिले, पण चहाला अजून येतो. बाईंची नजर आता खरोखरच मंदावली आहे. धाकटी शब्द वाचते, त्या खुर्चीत बसून ते जुळतात का ऐकतात, आणि शिवणही धाकटीच घालते. दोघींचे अजूनही खळीच्या जाडीवरून वाजते.

कुंचली दोन वर्षांपूर्वी आजारी पडून गेली. आमची मैत्री कधीच झाली नाही. शेवटच्या दिवशीही बाई तिला थेंब थेंब पाणी पाजत होत्या, तेव्हा मला आत जळजळले होते. आता मी सतरा वर्षांची आहे. खाण्याची ताटली अजून आधी माझ्यापुढे येते, आणि माझ्यानंतर दुसरी ताटली कोणापुढेच जात नाही. मी थोडे खाते, थोडे ठेवते, आणि बाजूला सरकून बसते.