चंद्र का गिळला, ते कुणी विचारलंच नाही

मी बकुनावा बोलतोय. बोलतोय हे आपलं म्हणायचं. आजवर माझ्या तोंडून जे निघालं ते दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यातून. मी वीतभर लांबीचा, प्लास्टिकचा.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी लाल होतो. खोक्यातल्या पुस्तिकेत माझा स्वभावही छापून आला होता: गर्विष्ठ, लोभी, आग ओकणारा, सोन्याच्या राशीवर झोपणारा ड्रॅगन. सोन्याचा कण मी कधी पाहिला नव्हता, पण मला विचारतो कोण!

इलोइलो शहराजवळच्या, समुद्रकाठच्या ओतोन गावात दितास नावाच्या मास्तरणीने मला घरी आणलं. तिला एका खेळाचं वेड. टेबलाभोवती मंडळी जमतात, जो तो वीर होतो, फासे टाकून लढाया होतात. एकजण सूत्रधार होऊन ते सगळं जग चालवतो आणि राक्षसांच्या तोंडून बोलतोही. इथे सूत्रधार दितास. वीर म्हणजे तिचा धाकटा भाऊ रेनांते आणि शेजारचं जोडपं, जोबर्ट आणि लुवी.

पुस्तिका वाचून दितासने नाक मुरडलं. "सोनं घेऊन हा करणार काय? आमच्या समुद्रात असले कंजूष नसतात."

मग तिने माझी शिंगं कापली, मासेमारीच्या दोऱ्याच्या मिशा लावल्या, गळ्याशी कल्ले कोरले आणि मला काळानिळा रंग दिला. मी बकुनावा झालो. समुद्रातून वर येऊन चंद्र गिळणारा, तिच्या लोलाने, म्हणजे आजीने, लहानपणी सांगितलेला. आभाळातल्या सात चंद्रांपैकी सहा माझ्या पोटात आणि सातव्यावर डोळा. खरं सांगायचं तर मला हे आवडलं. निदान भूक तरी माझी स्वतःची वाटत होती.

पण दितासने भूकही काढून घेतली. तिच्या जगातला बकुनावा भीतीपोटी चंद्र गिळायचा. जे समुद्रावरून जातं ते परत येत नाही, त्यापेक्षा पोटात राहू दे, असा त्याचा हिशेब. आणि स्वभाव तिने आपल्या तात्तयचा, म्हणजे वडिलांचा दिला.

तात्तय उर्बानो मच्छीमार. त्यांचा थोरला मुलगा बोटीवर नोकरीला गेला तो परत आला नाही. पुढे रेनांतेने बोटीचं नाव काढलं तेव्हा म्हाताऱ्याने त्याची बॅग उचलून चिखलात फेकली. एका छपराखाली राहून बापलेक वर्षानुवर्षं बोलले नाहीत. गेल्या साली तात्तय गेले. रेनांतेला घरात तोतो, म्हणजे बाळ, म्हणत. शेवटच्या दिवसांत ते दितासला म्हणाले होते, "तोतोला सांग, मी रागावलो नव्हतो. घाबरलो होतो. आता जा म्हणावं."

आणि हेच दितासला सांगता येईना. तात्तयचं नाव निघालं की रेनांते ताटावरून उठून जायचा.

म्हणून तिने ते शब्द माझ्या तोंडी ठेवले. दुपारी स्वयंपाकघरात मला पुढ्यात घेऊन ती तात्तयच्या घोगऱ्या आवाजात तालीम करायची. वीर समोर आले की बकुनावा आधी विचारणार, जेवलात का? मग एखाद्याने विचारायचं, तू चंद्र का गिळलास? त्यावर ते शब्द. "मी आपणहून सांगितलं तर तो उठेल," ती मला म्हणायची. "त्यानेच विचारलं, तर ऐकून घेईल."

रेनांतेला बोटीवर नोकरी लागली. तो निघायच्या आधीच्या रविवारी शेवटचा डाव बसला. टेबलावर पान्सितच्या शेवयांचं ताट, मधोमध मी. सातवा चंद्र नुकताच गिळलेला.

"जेवलात का रे पोरांनो?" दितास घोगऱ्या आवाजात म्हणाली. तिचा हात माझ्या पाठीवर होता.

"बघ, मानांग!" रेनांते बहिणीला हसत म्हणाला; ताईला तो मानांगच म्हणायचा. "अख्खा चंद्र हाणलाय आणि वर आमच्या जेवणाची चौकशी!"

दितास थांबली. विचार रे, एवढंच मला म्हणायचं होतं.

रेनांतेने जोबर्टला डोळा मारला. तिघांनी बाकाखालून पातेली, झाकणं, पळ्या काढल्या आणि बडवायला सुरुवात केली. ग्रहणात म्हाताऱ्या बायका बडवायच्या तशीच, बकुनावाने घाबरून चंद्र ओकावा म्हणून. कुंपणापलीकडची कुत्री भुंकायला लागली. पलीकडच्या मावशींनी "ग्रहण लागलं काय गं?" असं ओरडत स्वतःचंही पातेलं आणलं.

"थांबा! त्याला बोलू तरी द्या!" दितास ओरडली.

"बोलू दिलं की गेलो आम्ही!" लुवी झाकण आपटत म्हणाली.

"तलवार कशाला हवी, मानांग?" रेनांतेचा चेहरा नुसता फुलला होता. "बकुनावा आपला, तर औषधही आपलंच. लोलानेच सांगितलंय. तिच्याकडूनच आणलास ना ह्याला?"

पुस्तिका बाजूला सारून लोलाची गोष्ट तिनेच आणली होती. आता तीच खोटी कशी म्हणायची? सूत्रधाराने लबाडी केली तर खेळ कसला! तिने मला हळूच आडवं केलं आणि म्हणाली, "ओकला. चंद्र परत आला."

एकच जल्लोष झाला. दितास हसत होती, डोळे पुसत होती. सगळ्यांना वाटलं, हसून हसून पाणी आलंय. मला तिचा हात धरावासा वाटला, पण माझे पाय पोटाला चिकटवलेले.

निघताना रेनांतेने मला बॅगेत टाकलं. "ह्याला नेतो. माझा पहिला बकुनावा."

"तोतो..."

"काय?"

"काही नाही. वेळेवर जेवत जा."

आता मी बोटीवर आहे, त्याच्या बिछान्याशेजारच्या फळीवर चिकटपट्टीने पक्का. खोलीत येईल त्याला तो माझ्या पराभवाची गोष्ट सांगतो आणि मी ती निमूट ऐकतो. काल काम आटोपून तो आडवा झाला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"काय रे," तो म्हणाला, "त्या दिवशी आम्ही बडवलं नसतं तर काय बोलणार होतास? का गिळलास चंद्र?"

विचारलं त्याने! आणि खरोखरच वाट बघत राहिला. शब्दन् शब्द मला पाठ होता, पण माझ्यासाठी बोलणारी समुद्रापलीकडे, ओतोनच्या स्वयंपाकघरात. थोड्या वेळाने त्याने कूस बदलली.

तोतो, मला नको रे विचारू. फोन उशाशीच आहे तुझ्या. मानांगला विचार.