मास्तरांची तारीख

शहाण्णवच्या नोव्हेंबरातला तो रविवार. अमेरिकेत, नोव्हायच्या आमच्या घरी माझे वडील, नाना, चहात टोस्ट बुडवत बसले होते.

"वय साडेसत्तर झालं की रिटायरमेंट अकाउंटमधून दरवर्षी पैसे काढावेच लागतात," मी म्हणाले. "नाहीतर मोठा दंड."

"साडेसत्तर की साडेसाती? मी एकोणसत्तरचा आहे. जन्म दसऱ्याचा. शाळेत घालताना मास्तरांनी एक जून लिहिली, तीही वय वर्षभराने वाढवून."

"सरकारला मास्तरांचीच तारीख माहीत आहे, नाना. त्या हिशेबाने पुढच्या महिन्यात साडेसत्तर."

"आणि तुला माझ्या पैशांची घाई." त्यांनी बँकेचं पाकीट वर्तमानपत्राखाली सरकवलं. मी कपबशा उचलल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

फ्युनरल होममध्ये अंत्यविधीचे कागद भरणाऱ्या माणसाने जन्मतारीख विचारली. पासपोर्टवरची एक जूनच मी सांगितली. तो बाहेर गेल्यावर नानांजवळ उभी राहिले.

"दसराच खरा, नाना," मी म्हणाले. "पैसे मला नको होते. तुम्ही एकदा सांगलीला अक्काआत्याकडे जाऊन यावं, एवढंच मनात होतं. रिटायरमेंटची ठेव मोडायची नाही म्हणून तुम्ही कधी गेलाच नाहीत. आता सरकारच ती मोडायला लावणार होतं."